माझ्या गाण्यातली दुसरी

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. शाळेच्या ट्रिपला मैत्रिणी भुताच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी पांघरूण घेऊन झोपून जायचे. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर प्लँचेट चालायचं, तिथे वाटी कोण ढकलतंय ते मीच पकडून दिलं होतं. इथे लोक अनुभव लिहितात ते मी आवडीने वाचते, पण वाचताना मनात चालूच असतं - काहीतरी साधं कारण असणार, यांच्या लक्षात आलेलं नाही. आज मी स्वतः लिहायला बसलेय आणि मला ते साधं कारण सापडत नाहीये.

नावं सगळी बदलली आहेत. माझं नाव मंजिरी समजा. गाण्याचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि नाव दिलं तर लगेच माझा व्हिडिओ शोधायला जाल.

आम्ही डब्लिनला राहतो, ओहायोमधल्या. कोलंबसच्या वायव्येला. मी मूळची साताऱ्याची, नवरा निखिल नागपूरचा, दोघंही आयटीत. मुलं नाहीत. टाउनहाउस आहे - खाली किचन आणि हॉल, खाली बेसमेंट, वर दोन बेडरूम, त्यातल्या मोठ्या बेडरूमला कपड्यांची वॉक-इन क्लोजेट. ही क्लोजेट म्हणजे माझा स्टुडिओ. चारही बाजूंना कपडे असले की आवाज घुमत नाही, हे मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. माइक, लॅपटॉप, हेडफोन आणि एक स्टूल. रेकॉर्डिंग करताना हीटिंग बंद करायचे, कारण त्याचा घूंऽऽ असा आवाज माइकमध्ये येतो. त्यामुळे हिवाळ्यात मी जॅकेट घालून गायचे, आणि निखिल खाली ब्लँकेट घेऊन बसायचा बिचारा.

गाणं मी सात-आठ वर्षं शिकलेय, पण ते हौसेपुरतं. चॅनलवर जुन्या गाण्यांचे कव्हर टाकायचे. नातेवाईक, इथल्या मराठी मंडळातली माणसं, एखाददुसरा अनोळखी - एवढेच ऐकणारे.

मग तो सिनेमा आला. कोलंबसला रविवारी दुपारी एकच शो लावला होता, अख्खं मंडळ तिथे होतं. गाणं लागलं तेव्हा थिएटरमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येत होते. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे... जो उठला त्याने ते गाणं गायलं. बासरीवर, व्हायोलिनवर, लहान मुलांचं, लग्नातलं ढोल-ताशावालं, कॉलेजच्या मुलामुलींनी वाद्यांशिवाय केलेलं. मीही केलं. फक्त तानपुरा आणि माझा आवाज. मुखड्यात 'ओंजळ' असा शब्द आहे, तिथे सूर लांब धरायचा असतो. तेवढं मला जमलंय असं वाटलं आणि मी व्हिडिओ टाकून दिला.

तो चालला. म्हणजे माझ्या मानाने खूपच चालला. रोज सकाळी उठून कमेंट वाचायचा नाद लागला मला. त्यात एकीने लिहिलं होतं - हार्मनी कोणी दिलीय, फार सुंदर. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कव्हरखाली लिहायचं ते इथे लिहिलं. मग तसंच आणखी कोणीतरी लिहिलं. मग बरेच जण लिहायला लागले. 'दुसरा आवाज कोणाचा?' 'त्या ताईंना पण क्रेडिट द्या ना.'

व्हिडिओत दुसरा आवाज नाहीये. मीच गायलेय, मीच एडिट केलंय. मी हसत हसत निखिलला सांगितलं की बघ, लोक काय वाटेल ते लिहितात. तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, "पण आहे ना दुसरा आवाज. मला वाटलं तूच दोनदा रेकॉर्ड करून टाकलायस."

मी त्याला शेजारी बसवून ते गाणं लावलं. तो बोटाने दाखवत गेला - हे बघ इथे सुरू झाला, इथे तुझ्या खाली जातो, इथे थांबला. मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. तानपुरा आणि मी, बस.

निखिल सॉफ्टवेअरवाला माणूस, तो इरेला पेटला. मूळ फाइल उघडली, तानपुरा म्यूट केला, फक्त माझा ट्रॅक लावला. त्याला तरीही दोन आवाज ऐकू येत होते. मला एकच. माझ्या कानात काही दोष असेल म्हणून आम्ही ऑडिऑलॉजिस्टकडेही जाऊन आलो. तिने काचेच्या खोलीत बसवून सगळे सूर ऐकवले. कान उत्तम होते.

आईला फोनवर विचारलं, मुद्दाम काही न सांगता, की गाणं कसं वाटलं. आई मराठीची शिक्षिका होती, आता रिटायर्ड आहे. ती म्हणाली, "तू छान गायलीस. ती दुसरी मुलगी कोण गं? आवाज गोड आहे तिचा, पण ळ म्हणता येत नाही. ओंजल म्हणते." मी विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर ते गाणं पुन्हा लावून 'ओंजळ' ऐकलं. एकच, माझं. निखिललाच ऐकू आलं असतं तर एक वेळ ठीक होतं. साताऱ्यात बसलेल्या माझ्या आईला त्या आवाजाचे उच्चारसुद्धा ऐकू येत होते.

निखिल म्हणाला, काढून टाक तो व्हिडिओ. मी नाही काढला. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा माझं गाणं लोक ऐकत होते आणि मला ते सोडवत नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. तिथे सुनंदाकाकू माझ्याकडे आल्या. तोपर्यंत आमची फक्त तोंडओळख होती. काकू आणि अरविंदकाका म्हणजे इथली जुनी माणसं, आमच्यातले बरेच जण जन्मायच्या आधी अमेरिकेत आलेली. काका भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड. मुलगा ॲरिझोनात. आणि एक मुलगी होती, रुचा. कॉलेजातून घरी येताना बर्फात गाडी घसरून ती गेली, ही गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत होती आणि त्यांच्यासमोर ती कोणी काढत नसे.

काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. त्या म्हणाल्या, "तुझ्याबरोबर गायलीय ती माझी रुचा आहे."

काकू शांतपणे सांगत होत्या. रुचा इथेच जन्मलेली, मराठी छान बोलायची, गायचीही, पण ळ कधी आला नाही. आडनाव काळे, तर स्वतःचं नाव ती रुचा काले सांगायची, आणि भाऊ तिला चिडवायचा. ओंजळचा ओंजल करून मग शेवटी श्वास किंचित सोडणं, ती लकब दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. मी कसंबसं म्हणाले की काकू, हा सिनेमा तर आत्ताचा आहे. रुचा गेली तेव्हा हे गाणं नव्हतंच. त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुझ्याकडे आले. तिला हे गाणं तुझ्याकडूनच कळलंय ना."

त्यानंतर काकूंचे फोन सुरू झाले. एकदा घरी ये, आमच्यासमोर एकदा गा, एवढंच मागणं. डब्यातून गुळपोळ्या पाठवल्या. निखिल सरळ म्हणाला की जाऊ नकोस, त्यांना समुपदेशकाची गरज आहे, तुझी नाही. त्याचं बरोबरच होतं. पण त्या रडायच्या नाहीत, चिडायच्या नाहीत, नुसत्या विचारायच्या, आणि मला दर वेळी नाही म्हणणं जड व्हायला लागलं. एका रविवारी निखिलला सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी ऑफिसला जावं लागलं, तेव्हा मी एकटी ड्राइव्ह करत त्यांच्याकडे गेले.

दुपारची वेळ. आदल्या दिवशी भरपूर बर्फ पडला होता आणि त्यावर लख्ख ऊन, बाहेर बघवत नव्हतं. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, मोठं. फॅमिली रूममध्ये जाड कार्पेट, मागे डेककडे उघडणारं काचेचं दार, एका बाजूने वर जाणारा जिना. फायरप्लेसवर रुचाचा हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनची टोपी घातलेला फोटो. हसरी, कुरळ्या केसांची.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत संत्रं सोलत बसले होते. त्यांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना हे अजिबात पसंत नाही, पण सुनंदा झोपत नाही, जेवत नाही, दिवसभर तेच गाणं लावून बसते. समोर गायलीस आणि काही झालं नाही, तर निदान हे संपेल. त्यांनाही रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज ऐकू येत होता, पण तो रुचाचा आहे हे ते मानायला तयार नव्हते.

फोनवर तानपुरा लावला आणि मी सोफ्यावर बसून गायला सुरुवात केली. काकूंनी डोळे मिटले. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. काकांचा संत्रं सोलणारा हात थांबला. मी ते बघितलं आणि माझा सूर हलला, पण गात राहिले. माझ्या कानाला माझ्याशिवाय काहीच येत नव्हतं. पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्यात घसा कोरडा पडला आणि ओळ अर्धी राहिली. मी थांबले, पाण्याचा ग्लास उचलला.

दोघांपैकी कोणीही माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं, भावनेच्या भरात असतील. मी पाणी प्यायले. खोलीत तानपुरा होता आणि हीटिंगचा बारीक आवाज, आणखी काही नाही. मग माझं लक्ष काकूंच्या ओठांकडे गेलं. त्या आवाज न करता शब्द म्हणत होत्या. मी सोडलेली ओळ त्यांनी पूर्ण केली. पुढची सुरू केली. अगदी लयीत, मधल्या जागेवर थांबून, पुन्हा उचलून... कोणाच्या तरी मागोमाग म्हणावं तशा. मी तोंड मिटून बसले होते आणि गाणं पुढे चाललं होतं. कुठवर पोचलंय हे मला फक्त काकूंच्या ओठांवरून कळत होतं.

त्या डोळे उघडून माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत होत्या. काकाही तिथेच बघत होते.

मी वळले नाही. मान वळवायचं धाडसच झालं नाही. पाठीला सोफा होता, त्याच्या मागे भिंत, मधे माणूस उभं राहायला जागासुद्धा नाही, हे मला माहीत होतं. तरी डावा कान असा गरम झाला... ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

मग दोघांची नजर सरकायला लागली. एकदम एकत्र, सारख्या वेगाने. माझ्या खांद्यावरून सोफ्याच्या टोकाकडे, तिथून कार्पेटवरून जिन्याकडे. चालत जाणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तसं. मी त्यांच्या नजरेबरोबर बघत होते. नुसतं ऊन पडलेलं कार्पेट. नजर जिन्याच्या पहिल्या पायरीवर आली आणि वर चढायला लागली. काकू उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्याचीच जास्त भीती वाटली. काकांनी झटकन उठून त्यांचं मनगट पकडलं. संत्र्याच्या फोडी खाली पडल्या. काकांचा चेहरा पांढरा झाला होता. ते वर जिन्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "बास."

काकूंचे ओठ थांबले. म्हणजे गाणं थांबलं असणार.

"वर गेली," काकू म्हणाल्या. "तिच्या खोलीत गेली."

मी पर्स उचलली. बूट कसे घातले ते आठवत नाही. काका माझ्यामागे गाडीपर्यंत आले, जॅकेट न घालता, घरातल्या सपाता घालून बर्फात. मी दार लावणार तेवढ्यात त्यांनी ते धरलं. म्हणाले, "परत येऊ नकोस. रागाने सांगत नाहीये."

मी विचारलं, "काका, रुचाचाच आवाज होता ना?"

त्यांनी मागे वळून वरच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "सुरुवातीला होता. मी बाप आहे तिचा, मला कळतं. पण तू थांबल्यावर जो मुखडा आला ना... त्यात ळ नीट म्हटला. अगदी तू म्हणतेस तसा. माझ्या मुलीला तो जन्मभर जमला नाही." त्यांनी गाडीचं दार सोडलं. "ते जे काही आहे ते रुचा नाही. ते ऐकून ऐकून शिकतंय."

घरी आले आणि कोट न काढता आधी तो व्हिडिओ डिलीट केला. मूळ फाइलही काढून टाकली. निखिल आल्यावर सगळं सांगितलं. तो चिडला नाही, त्याने क्लोजेटमधला माइक काढून खोक्यात घातला आणि खोकं गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. त्यानंतर मी गायलेच नाही. एवढंच काय, मंडळाच्या आरतीतही नुसत्या टाळ्या वाजवते. स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय होती, ती मोडताना फार त्रास झाला. ओठांवर काहीतरी यायचं आणि मी दात आवळून धरायचे.

काकूंनी मधे फोन केले, मी उचलले नाहीत. मंडळातून कळत राहिलं की त्या दिवसभर वरच्या मजल्यावर असतात, रुचाच्या खोलीत, दार लावून. काका बाहेरून ताटं नेऊन देतात. बर्फ वितळल्यावर मुलगा येऊन दोघांना ॲरिझोनाला घेऊन गेला. निघायच्या दिवशी काकूंचा मेसेज आला. तो मी वाचला. 'रुचा वर नाहीये गं आता. खोली रिकामी आहे. तुझ्याकडे आली का?'

निखिलला तो मेसेज मी दाखवला नाही.

आता मुद्द्याचं सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. परवाच्या शनिवारची गोष्ट. सकाळची वेळ होती, बाहेर शेजारी लॉन मोवर चालवत होते. मी बेसमेंटमध्ये ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. निखिल मधल्या मजल्यावर, हॉलमध्ये जिन्याकडे पाठ करून कॉफी घेऊन बसला होता. मी कपड्यांची टोपली घेऊन वर आले. तो माझ्याकडे बघून असा हसला... लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचा तसा.

म्हणाला, "थांबलीस का? गा ना. इतक्या महिन्यांनी ऐकलं, किती बरं वाटलं."

मला वाटलं मी नकळत गुणगुणले असेन. मी विचारलं की बेसमेंटमधून इथे ऐकू आलं का.

"बेसमेंट?" तो म्हणाला. "वरून येत होतं ना. क्लोजेटमधून."

मग मी घाबरेन असं वाटून की काय, त्याने कप खाली ठेवला आणि माझ्या हातातून टोपली घेतली. हळूच म्हणाला, "आणि ऐक, मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. ती दुसरी आता नाहीये. फक्त तुझाच आवाज होता, मंजू. अगदी स्वच्छ."

तो इतका खूश होता. इतक्या महिन्यांचं सगळं संपलं असं त्याला वाटत होतं. मी "हं" म्हणाले आणि त्याच्या मागे उभी राहिले. जिन्याकडे बघवत नव्हतं मला.

मला भास झाला म्हणावं तर मला काही ऐकूच आलेलं नाही, सुरुवातीपासून आजपर्यंत एकदाही नाही. निखिलला भास झाला म्हणावं तर मग आईला, काकूंना, काकांना, त्या कमेंट लिहिणाऱ्या अनोळखी लोकांना काय झालं होतं? मी खूप डोकं चालवलं. कुठूनही सुरुवात केली तरी पुढे रस्ता सापडत नाही. कोणाला असं काही माहीत असेल तर सांगा, पण उगीच धीर द्यायला काही लिहू नका.

निखिल मराठी फोरम वाचत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत केली. शनिवारी मी गायलेच नव्हते, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी मी मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. वर बेडरूमच्या खिडकीत तो माझ्याकडे पाठ करून उभा होता; आत क्लोजेटच्या दिशेने बघत, "वा!" म्हणाला.